देवाचा बल्ब आणि हवेचा दिवा

साहेब, ट्रकांतल्या बझरची वायर तुम्ही तोडलीत. दुसऱ्या कुणावर ढकलू नका.

गणपती झाले, खाणीचा हंगाम सुरू व्हायचा होता, तेव्हा यार्डातल्या अकराही ट्रकांची तुम्ही ‘तपासणी’ करवलीत. तपासणी म्हणजे काय, तर एक माणूस पक्कड घेऊन केबिनमध्ये चढायचा, डॅशबोर्डाखाली हात घालून बझरची वायर कापायचा, लाल दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावायचा आणि उतरायचा. एका ट्रकाला चार मिनिटं. मी त्याला विचारलं, ‘हे कशाला?’ तो म्हणाला, ‘वरून सांगितलंय. बझर वाजला की ड्रायव्हर थांबतात.’

ड्रायव्हर थांबतात! अहो, त्यासाठीच तो वाजतो. घरात मांजर भांडं पाडतं म्हणून तुम्ही भांडी फेकता की मांजराला हाकलता?

तुमचं नाव लिहीत नाही, ते भीतीने नव्हे. मेमोवरची तुमची सही यार्डातल्या एकालाही वाचता आली नाही. सुरवंट शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखी आहे. पण मेमो वाचता येतो. त्यात लिहिलंय की मी, महादेव, भरलेला ट्रक ‘विनाकारण’ सत्तर मिनिटं रस्त्यात उभा करून वाहतूक अडवली, ‘व सदर ठिकाणी महिलांच्या नाचगाण्यास प्रोत्साहन दिले’. खुलासा सात दिवसांत हवा. खुलाशासाठी तुम्ही तीन ओळी आखून दिल्यात. माझा हा दुसरा मेमो. पहिला दोन वर्षांपूर्वीचा, मागच्या फाळक्याचा खटका लागत नव्हता म्हणून मी ट्रक भरून घेतला नाही, तेव्हाचा. दुसऱ्या मेमोला सीट जाते हा तुमचा नियम. बावीस वर्षं मी ह्या सीटवर बसतोय. तेव्हा तीन ओळी मला पुरणार नाहीत. नीट बसा आणि वाचा.

माझी चूक आधी लिहितो. तुम्ही तुमची लिहाल की नाही, ती तुमची गोष्ट.

माझ्या ट्रकात डॅशबोर्डाच्या वर, काट्यांच्या बरोबर माथ्यावर रवळनाथाचा फोटो आहे. त्याच्यासमोर एक बारका लाल बल्ब. चावी फिरवली की तो लागतो आणि देवाच्या पायाशी उजेड पडतो. बायको आनंदी रोज पहाटे अबोलीचा वळेसर, म्हणजे गुंफलेला हार, करून देते. तो मी फोटोला घालतो. आनंदीचा हात सढळ. वळेसर दोन पदरी, इतका लांब की खाली काट्यांवर लोंबतो. हवेचा काटा अबोलीच्या मागे, आणि हवेचा दिवाही अबोलीच्या मागे. बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला हे कळायला नको? कळायला हवं होतं. कळलं नाही. देवाच्या हाराला हात लावून बाजूला कोण करतो?

तुम्ही लावलेली चिकटपट्टी मात्र मी पहिल्याच दिवशी नखाने सोलून काढली होती. वायर मला जोडता आली नाही. विजेचं काम मी कधी शिकलो नाही.

तर देवाचा बल्ब गेला. चार दिवस आनंदी पाठीमागे लागलेली.

“अवो, देवाकडे काळोख हा. आज बल्ब आणल्याशिवाय घराक येव नकात.”

“सुर्ल्यात मिळत नाय. साखळीला गेलो की आणतो.”

“साखळी काय समुद्रापलीकडे हा?” तिने स्वतः स्टूल घेऊन यार्डात येऊन, केबिनमध्ये चढून तो गेलेला बल्ब काढला आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. “ह्यो दुकानात दाखवा. नायतर भलताच कायतरी आणशात आणि देव रागान बघतलो.”

खिशात बल्ब टाकलेला, हे लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्या खिशावर आहे.

तो गुरुवार होता. सुर्ल्याच्या खाणीवरून पंधरा टन खनिज भरून, ताडपत्री बांधून मी आमोण्याच्या धक्क्याकडे निघालो. दुपारचे साडेबारा झाले असतील. रस्ता तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही तो काचेआडून, एसी लावून बघता. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकाने लाज सोडून मागे जायचं. मध्ये एक चढ, चढाच्या माथ्यावर पन्नास पावलं सपाट, आणि मग आम्ही जिला चिंचेची घाटी म्हणतो ती उतरण. उतरण जिथे वळते तिथे प्राथमिक शाळा. एक वाजता सुटते.

चढाला लागलो आणि बघतो तर काय, अबोलीच्या फुलांतून लाल उजेड. मंद, सुंदर. फुलांच्या पाकळ्या आतून पेटल्यासारख्या.

मला भरून आलं. खरं सांगतो. चार दिवस बंद पडलेला देवाचा दिवा आपोआप लागला! मी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसरा छातीला लावला. म्हटलं, रवळनाथा, तू पावलास. आज काहीतरी चांगलं होणार. आनंदीला फोन करून सांगावं असंही वाटलं. अर्धा किलोमीटर मी असा चमत्कारात ट्रक चालवला. गाणंसुद्धा म्हणत होतो.

छातीला लावलेल्या हाताला खिशातलं काहीतरी टोचलं.

बल्ब.

बल्ब माझ्या खिशात आहे. मग पुढे जळतोय तो कोण?

हार बाजूला सारला. हवेचा लाल दिवा. सुई पाचाच्या खाली, आणि मी बघत असताना अजून थोडी कलली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुमच्यासाठीही सांगतो. ह्या ट्रकाचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन हवा भरतं, ती टाक्यांत साठते, ब्रेक दाबला की थोडी खर्च होते. सुई आठाजवळ असली की निश्चिंत. पाचाखाली आली की दिवा लागतो आणि बझर वाजतो, म्हणजे वाजायचा. तिथूनही घसरली तर मागची चाकं आपोआप आवळतात. सपाटीवर आवळली तर ठीक. पंधरा टन पाठीवर घेऊन, उतारावर, शाळेच्या वळणावर कुठे आणि कशी आवळतील ते सांगायला मला नको, तुम्हालाही नको.

पायाला काय वाटतं ठाऊक आहे? पायाला वाटतं, ब्रेक दोन-चारदा दाबून बघू या, आहे का नाही. तोच पाय माणसाला मारतो. दाबाल तितकी हवा जाते. मी पाय वर घेतला, गिअर खाली पाडला, चढानेच ट्रकाचा वेग खाल्ला. माथ्यावरच्या सपाटीला एकदाच ब्रेक लावला आणि उभा राहिलो. हँडब्रेक ओढला. चारही इंडिकेटर लावले. खाली उतरून पुढच्या-मागच्या चाकांना लाकडाच्या पाचरी, आमच्या भाषेत उट्या, मारल्या. मागे त्रिकोण ठेवला, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे पुढे आंब्याची हिरवी फांदी आडवी टाकली. घड्याळात बारा चाळीस.

मग टाइमकीपर देवेशला फोन लावला. देवेश पोर वाईट नाही. तुम्ही बोलता तेच तो बोलतो.

“मामा, धक्क्यावर पोचायला किती वेळ?”

“हवेचा दिवा लागलाय. मेकॅनिक पाठव.”

“दिवा लागतोच हो. हळूहळू उतरा ना घाटी.”

“बरं. तू ये, माझ्या शेजारी बस. दोघे मिळून हळूहळू उतरू.”

मग म्हणाला, “मामा, मी जेवायला बसतोय.”

“मग जेव. आणि अनंत मेकॅनिकला पाठव.”

एवढ्यात मागे हॉर्न. माझ्या पाठीमागे बाबलीचा ट्रक, त्याच्या मागे आणखी दोन. बाबली माझ्याच यार्डातला. वय चाळीस, पोट पन्नाशीचं. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, “मामा, किते जालें?”

“दिवा लागलाय.”

“माझ्या गाडीत बघ! चिकटपट्टी लावल्यापासून एकदाय लागूक ना!”

हसू नका. तो खरंच अभिमानाने सांगत होता.

आणि बाबलीच्या ट्रकाच्या कडेकडेने, चरात एक चाक घालत, एक मिनीबस पुढे घुसली आणि माझ्या मागच्या चाकापाशी येऊन अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. चालवणारा साईश नावाचा तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा, दारावर पेडण्याच्या बसमालकाचं नाव. मागे चौदा बायका. नऊवारी, नथी, केसांत ही भरगच्च फुलं. सगळ्या एकदम बोलत होत्या. दार उघडलं आणि पहिल्यांदा उतरली ती लक्ष्मीमावशी. साठीची, ठेंगणी, आवाज मात्र खाणीतल्या भोंग्याचा.

“ओ मामानू! गाडी कित्याक उभी केलास? आमका दोन वाजता आमोण्याच्या देवळात पोचूक होया! फुगडीची स्पर्धा हा!”

“पेडण्याहून आमोण्याला जायला ह्या खाणीच्या रस्त्याने कशाला आलात मावशी?”

तिने साईशकडे बोट केलं. “ह्या शाण्याक इचार. फोनातली बाय म्हणाली उजवीकडे वळ, ह्यो वळलो. आवशीन सांगितल्यार कधी वळना नाय, फोनातल्या बायेन सांगितल्यार लगेच!”

साईशने चष्मा काढून पुसायला घेतला.

मी म्हटलं, “मावशी, ब्रेकाची हवा गळते. दुरुस्त झाल्याशिवाय ट्रक घाटी उतरणार नाही. रागवा, शिव्या घाला. पण खाली शाळा आहे.”

लक्ष्मीमावशी बघत राहिली. माझ्याकडे नाही, रस्त्याच्या उताराकडे. मग एकदम मागे वळून तेरा जणींना म्हणाली, “उतरा गो सगळी. ह्या मामाची गाडी बरी झाल्याबगर कोण खंय जायत नाय.” आणि मला, “सांग. आमी काय करूचा?”

हे तुमच्या मेमोत नाही. तिथे ‘वाहतूक अडवली’ आहे. कुणी विचारलं का, की अडलेली वाहतूक काय म्हणत होती?

हवा कुठून गळते ते शोधायचं तर कान लागतो. मी इंजिन बंद केलं, बाबलीला आणि मागच्या दोघांना बंद करायला लावलं. पण चौदा बायका आणि शांतता? एक नथ सावरते, दुसरी म्हणते तुझा काष्टा सुटला, तिसरी विचारते देवळात जेवण मिळेल का. लक्ष्मीमावशीने हात वर केला.

“गप रवा गो! एकाय बांगडेचो आवाज नको!”

आणि खरंच गप. चौदा जणींनी मनगटांवरच्या बांगड्या दुसऱ्या हाताने धरून ठेवल्या. वाऱ्यात चिंचेची पानं हलत होती तेवढीच. त्या शांततेत माझ्या ट्रकाच्या पोटाखालून बारीक आवाज आला, फुस्स्सऽ. सुईच्या टोकाएवढा.

लक्ष्मीमावशीने डोळे मिटून मान कलती केली. “मागच्या टाकीकडे. उजवीकडे.”

बाबली म्हणाला, “मावशी, तू मेकॅनिक कधीपासून?”

“फुगडीत फू करून जल्म गेलो माझो. वारो खंयसून सुटता ता तू माका सांगतलस?” ती सरळ ट्रकाखाली वाकायला निघाली. मी आडवा गेलो. उट्या लावलेल्या असल्या तरी भरलेल्या ट्रकाखाली पाहुण्या माणसाने जायचं नाही, चाकाच्या हातभर जवळसुद्धा नाही. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “बरा. तू जा. पण मी सांगलंय थंयच बघ.”

साबण हवा होता. साबणाचं पाणी सांध्यावर सोडलं की हवा जिथे गळते तिथे फेस फुगतो. ट्रकात साबण नव्हता. बाबलीकडे असेल ही अपेक्षा कुणीच केली नाही. पण लक्ष्मीमावशीच्या पिशवीत निळ्या साबणाची वडी निघाली. स्पर्धेआधी साडीला डाग पडला तर, म्हणून. स्टीलच्या पेल्यात बाटलीतलं पाणी ओतून तिने तो फेस असा घोळला, जणू नातवाला न्हाऊ घालायचाय. मी पेला घेऊन खाली सरकलो. सांधा, नळी, सांधा, नळी. मागच्या टाकीकडे, उजवीकडे, जिथे नायलॉनची नळी लोखंडी पट्टीला घासत होती, तिथे फेसाचा एक बुडबुडा आला. लिंबाएवढा झाला. मग पेरूएवढा. फुटला. पुन्हा आला.

“सापडली!”

वर अशी आरोळी उठली की बांधावरचे बगळे उडाले. लक्ष्मीमावशी प्रत्येकीला सांगत सुटली, “उजवीकडेच ना? मी काय म्हणालंय? उजवीकडेच!”

चीर केसाएवढी. कापडाने बांधून, चिकटपट्टी गुंडाळून उतरता आलं असतं का? बाबलीने तसं सुचवलं. चिकटपट्टी हे त्याचं सगळ्या रोगांवरचं औषध. मी म्हटलं, नाही. उतारावर ब्रेक दाबताना ती पट्टी सुटली तर? नवी नळी येईपर्यंत थांबायचं.

म्हणजे अनंत साखळीहून येईपर्यंत. अर्धा तास तरी.

आता तुमचं ते ‘प्रोत्साहन’. मी त्यांना नाचा म्हटलं नाही. चौदा बायका, अंगात फुगडी भरलेली, समोर डांबराचा सपाट रस्ता, आणि अर्धा तास रिकामा. तुम्ही तरी त्यांना काय म्हणाला असतात, बसून राहा? मी एवढंच केलं, माझ्या ट्रकापासून वीस पावलं मागे, दोन उभ्या ट्रकांच्या मधली जागा दाखवली आणि बाबलीला त्या ट्रकांच्या चाकांना आधी उट्या मारायला लावल्या. हे प्रोत्साहन असेल तर असू दे.

पहिली फेरी सरावाची. दुसऱ्या फेरीला लक्ष्मीमावशीने जागच्या जागी गाणं बांधलं.

“तांबडो दिवो पेटलो गो, ट्रक रावलो घाटयेर,
फुगडी घालूंक मेळ्ळी गो, जागा डांबरी वाटयेर!
फूऽ!”

त्या ‘फूऽ’ला चौदा जणींचा श्वास एकदम सुटतो. अंगावर शहारा येतो. बाबली आपल्या ट्रकाच्या फाळक्यावर हाताने ताल धरू लागला, आणि हा माणूस, ज्याला हॉर्नशिवाय दुसरं वाद्य वाजवताना मी पाहिला नव्हता, तो सुंदर वाजवत होता. साईशने व्हिडिओ काढला. शाळा सुटलेली पोरं खालून आवाज ऐकून घाटी चढून वर आली आणि बांधावर ओळीने बसली. मास्तरीण बाई मागोमाग धापा टाकत. त्यांनी आधी पोरांना दटावलं आणि मग स्वतःच टाळ्या वाजवू लागल्या.

त्या पोरांकडे मी एकदा मोजत बघितलं. तेवीस होती. नंतर मोजणं सोडलं.

अनंत आला तो स्कूटरवर, गळ्यात नव्या नळीचं वेटोळं घालून. लक्ष्मीमावशी म्हणाली, “नवरो इलो गो, हार घालूनच इलो!” तो बिचारा लाजला. चाळिशीचा, बिनलग्नाचा. खाली शिरून त्याने वीस मिनिटांत नळी बदलली, घासणारी पट्टी वळवली. मग केबिनमध्ये चढून मला विचारलं, “मामा, बझर का नाही वाजला?”

“वायर कापलेली.”

“कोणी?”

मी वर आकाशाकडे बोट दाखवलं. तो समजला. “दोन मिनिटांचं काम आहे.” आणि त्याने दोन मिनिटांत वायर जोडली.

इंजिन चालू केलं. टाक्या जवळजवळ रिकाम्या, म्हणून बझर वाजू लागला. पींऽऽऽ. हंगामात पहिल्यांदाच ऐकला. कर्कश, नाकातून रडल्यासारखा, आणि इतका गोड की काय सांगू. बायका खिडकीखाली जमल्या. मी हार उचलून धरला आणि सुई कुठे आहे ते वरून ओरडून सांगू लागलो. तीन! साडेतीन! चार! पोरंही ओरडू लागली. साडेचार! पाच म्हटलं आणि बझर गप झाला. दिवा विझला.

लाल दिवा विझल्यावर एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. बाबलीने मला मिठी मारली. त्याच्या पोटामुळे ती नीट बसली नाही.

तरी मी लगेच निघालो नाही. सुई आठावर आली तेव्हा इंजिन बंद केलं आणि पाच मिनिटं थांबलो, हवा धरते का बघायला. सगळी माणसं त्या एका सुईकडे डोळे लावून उभी. सुई हलली नाही. मग उट्या काढल्या, सपाटीवर हातभर पुढे जाऊन ब्रेक दाबून बघितला, पोरांना मास्तरीण बाईंनी बांधाच्या आत घेतलं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, ब्रेकाला क्वचित पाय लावत मी चिंचेची घाटी उतरलो. एक पन्नास झाले होते. सत्तर मिनिटं, बरोबर. तुमचा आकडा खरा आहे. एकटा आकडाच खरा आहे.

संध्याकाळी ट्रक यार्डात लावून, मोटरसायकलने साखळीला जाऊन बल्ब घेतला, आणि तिथून आमोण्याच्या देवळात गेलो. मिनीबस उशिरा पोचल्याने बायकांना शेवटचा नंबर मिळाला होता. त्यांनी ठरलेलं गाणं सोडून ट्रकाचं गाणं घेतलं. मंडपातले लोक उठून उभे राहिले. दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. पहिला नंबर दुसऱ्याच कुणाला गेला, ह्यांना उत्तेजनार्थ. लक्ष्मीमावशी परीक्षकांवर चिडलेली. मला बघून म्हणाली, “मामा, हेंच्याय डोळ्यांर कोणीतरी चिकटपट्टी लायली हा!”

घरी आनंदीने बल्बची पुडी उघडली.

“अवो, ह्यो हिरवो! रवळनाथाक हिरवो बल्ब?”

मी तिला सगळं सांगितलं. चमत्काराचं आधी, खिशाचं नंतर. ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. हसून झाल्यावर उठून तिने फोटोच्या मापाचा दोरा घेतला. दुसऱ्या दिवसापासून वळेसर आखूड असतो. फोटोपुरता. काट्यांवर एक पाकळीही येत नाही. आणि बल्ब हिरवा. आता माझ्या केबिनमध्ये काही लाल दिसलं, तर तो देव नव्हे.

इथपर्यंत माझी चूक, आणि ती मी दुरुस्त केली.

साईशचा व्हिडिओ फिरत फिरत तुमच्या फोनवर आला. त्यात बायका दिसतात, बाबलीचं पोट दिसतं, माझा ट्रक दिसतो. दिवा दिसत नाही. तुम्ही दिव्याबद्दल विचारलंही नाहीत. सोमवारी मेमो आला.

आता मंगळवारी सकाळचं ऐका, कारण तुम्ही सहा वाजता यार्डात नसता. रविवारच्या सुट्टीत अनंत यार्डात आला होता. त्याला कुणी बोलावलं ते मला विचारू नका, बाबलीलाही विचारू नका. अकराही ट्रकांच्या वायरी त्याने जोडल्या. काळ्या पट्ट्या प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या नखाने काढल्या. ट्रक रात्रभर उभे राहिले की हवा उतरते, म्हणून सकाळी चालू केले की सगळेच बझर वाजतात. सोमवारी दोघे-तिघे अजून घाबरत होते, वायर काढून ठेवलेली. मंगळवारी सहा वाजता अकरा ट्रक एकदम चालू झाले आणि अकरा बझर. पींऽऽऽ! सुर्ल्यातली कुत्री भुंकू लागली, चहावाल्याने दुधाचं पातेलं तसंच सोडलं आणि धावत आला. मग एकेकाची हवा भरली तसा एकेक बझर गप होत गेला. शेवटचा बाबलीचा. तो बंद झाला आणि बाबली खिडकीतून ओरडला, “फूऽ!”

पाठोपाठ, खुलाशाचे सात दिवस संपायची वाटही न बघता, देवेश तुमचा निरोप घेऊन आला. महादेवमामाचा ट्रक आजपासून बाबली चालवणार. बाबली माझ्या केबिनमध्ये चढला. हिरव्या बल्बाकडे बघितलं, काट्यांकडे बघितलं, मला वाटतं देवाच्याही पाया पडला. आणि चावी काढून माझ्या हातात देत खाली उतरला.

“देवेश, वर जाऊन सांग,” तो म्हणाला. “माझ्या ट्रकाचो दिवो आता लागता. मामाचोय लागता. ज्याचो त्याणें बघचो.”

बाकीच्या नऊ जणांनाही देवेशने विचारलं. एकही चढला नाही. म्हणून आजपर्यंत तो ट्रक मीच चालवतोय, तुमच्या कागदावर सीट गेलेली असतानाही. सोबत पेडण्याच्या चौदा बायकांचं पत्र जोडलंय. सगळ्या सह्या वाचता येतात. मास्तरीण बाईंनीही लिहिलंय, आणि खाली तेवीस पोरांनी आपापली नावं घातलीत. काही उलट्या अक्षरांत आहेत, पण तुमच्या सहीपेक्षा बरी.

माझा खुलासा संपला. आता तुमचा द्या. त्या दुपारी अबोलीचा हार मी बाजूला केला नसता, बल्ब माझ्या खिशात नसता, आणि पंधरा टन घेऊन मी गाणं म्हणत चिंचेची घाटी उतरायला लागलो असतो, तर मला सावध करायला तुम्ही ट्रकात काय शिल्लक ठेवलं होतं?

उत्तर द्या. नाव वाचता येईल अशी सही करून द्या. खाली तीन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.